अर्जुना कुणाचा

बिरोबाची वस्ती, ता. जत
७ जानेवारी २०२५, मंगळवार

बिराप्पानं भर देवळात माझ्या मालकाच्या आज्याचा बाप काढला, आन तुमी तिकडं कोरेगावात हुरडा भाजत बसलासा. मागच्या म्हैन्यात पत्र धाडलं त्याला उत्तर न्हाई. पोस्टमनला इचारलं तर म्हणतो, "आज्जे, आता पत्रं कोण लिवतंय?" त्याला म्हणलं, तू आणायचं काम कर, लिवायचं मी बघते.

लालासाहेब भावजी, नमस्कार घ्या. फोन का करत न्हाई म्हणाल, तर मला ऐकू येत न्हाई. नात साक्षी स्पीकर लावती, आन माझ्या घरातलं सगळं बिराप्पाच्या ओट्यावर जातं. म्हणून पत्र. साक्षरतेच्या वर्गात बसले तेवढंच माझं शिक्षण. वाचता येतंय तेवढं वाचा.

गोष्ट अशी हाय. बिरोबाच्या जत्रंत पालखी उठायच्या आदी पयला भंडारा उधळायचा मान आमच्या घराचा. सासऱ्यानं केला, मालकानं केला, आता माझा ज्ञानू करतो. ज्ञानूकडं दुसरं काय हाय, तुमीच सांगा. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन तुमच्याकडं येतो, पाऊस पडस्तोवर दुसऱ्याच्या रानात मेंढरांभोवती जाळीची वाघर लावून पडतो. घरी आला तर टँकरच्या रांगंत घागरी धरतो. वर्सातनं त्या एका दिशी सगळं गाव त्याच्या हाताकडं बघतं. त्या दिशी त्यो ताठ चालतो. मी आई हाय, मला दिसतं.

बिराप्पा आमच्याच भावकीतला. दोनी घरं आकाराम धनगराची. आकारामाला दोन ल्योक, थोरला अर्जुना, माझ्या मालकाचा आजा, त्याचा वंश आमचा. धाकट्याचा वंश बिराप्पाचा. मान थोरल्याचा. आता ह्या बिराप्पानं कर्नाटकातनं हेळवी आणला. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं तोंडपाठ म्हणतो आन धान्य घिऊन जातो, त्यो हेळवी. त्यानं सगळ्यांसमोर म्हणलं, आकारामाला एकच ल्योक, धाकटा. लगीच बिराप्पा उठला. "अर्जुना म्हंजे मोठ्या दुष्काळात कोरेगावाकडं रस्त्यावर सापडलेलं पोर. ना आई ना बाप. असल्याच्या वंशानं देवावर भंडारा टाकायचा?"

पंचांनी पाडव्यानंतरच्या बैठकीपतुर मुदत दिलीया. कागद आणा म्हणत्यात.

तुमी मिलिटरीतनं आल्यापास्नं मोडी शिकलासा, सातारच्या जुन्या दप्तरात जाऊन बसतासा. तुमच्या भिंतीवर घराण्याच्या वंशावळीचं फ्लेक्स लावलंय, ज्ञानू सांगत हुता, ओसरीवरनं दिसतंय म्हणं. सोताचे पणजे उकरून झालं असतील तर आमचा एक बघा. इंग्रजांच्या राणीच्या राज्यातला. आमची मेंढरं तवाबी तुमच्याच रानात बसायची, म्हंजे कागद तिकडंच असणार. अर्जुनाचा बाप आकाराम, एवढं लिवलेलं कुठं घावतंय का बघा.

ज्ञानूला काय बोलू नका. डोकं फिरलं तर मेंढरं तशीच सोडून यील.

साळूबाई

•

मळा, ता. कोरेगाव
१९ जानेवारी २०२५

ती. साळूवहिनी यांस लालासाहेबाचा नमस्कार.

आधीचं पत्र मिळालं नव्हतं, खरंच. हे मिळाल्याबरोबर मी कामाला लागलो. ज्ञानू मजेत आहे. मेंढरं सध्या खालच्या मळ्यात बसवलीत. त्याला काही बोललो नाही.

आता ऐका. तहसिलीत हल्ली पणजोबा शोधणाऱ्यांची एवढी गर्दी असते, की रेशनच्या दुकानाला लाज वाटावी. जन्ममृत्यूची जुनी नोंद असते, त्याला कोतवाल बुक म्हणतात. ते बघायला अर्ज दिलाय. दरम्यान साताऱ्याला दोन चकरा मारल्या. वहिनी, तुम्हाला वाटतं तसं नाव सांगितलं की कागद हातात येत नाही. दुष्काळाच्या सालची गाठोडी आहेत, त्यातली निम्मी अक्षरं शाईसकट उडालेली. माझा मोडीचा मास्तर म्हणतो, सुभेदार, तुम्ही शत्रूचे खंदक शोधल्यासारखे कागद शोधता. शोधतोच.

एक मिळालंय. सन १८७७ च्या सुरुवातीला आमच्या गावच्या शिवारात मेंढरं घेऊन कोण कोण उतरलं होतं, त्याची चावडीतली नोंद आहे. त्यात 'आकाराम धनगर, त्याची बायको, बहीण हरणी' एवढी माणसं लिहिलीत. मूल कुठलंच नाही. म्हणजे त्या वेळी अर्जुना जन्मला नव्हता, आणि थोरला असेल तर त्यानंतर जन्मला. हे तुमच्या बाजूचं आहे. बायको बरोबर होती, म्हणजे पोर तिलाच झालं असं म्हणता येईल आणि बिराप्पाचं 'सापडलेलं पोर' खोटं पाडता येईल.

ही हरणी कोण? तुमच्याकडे कधी कुणी नाव काढलेलं?

घाबरू नका. काम माझ्यावर सोपवा आणि निवांत राहा.

आपला,
लालासाहेब

•

बिरोबाची वस्ती
२८ जानेवारी २०२५, मंगळवार

निवांत राहा म्हणं. ज्वारी वाळून चाललीया, टँकर येका दिसाआड येतो, बिराप्पाची सून बघंल तिथं माझ्याकडं बघून पदरात हसती, आन मी निवांत राहू.

भावजी, हरणी कोण ते मला ठावं न्हाई. आकारामाला बहीण हुती हेच मी पयल्यांदा ऐकतीया. हेळव्याच्या तोंडी लेकीबाळींची नावं येतच न्हाईत, त्याला ल्योकच पाठ असत्यात. पर येक सांगते. हरणा हे नाव आमच्या घरात पोरीला ठिवत न्हाईत. माझी पोरगी झाली तवा मी म्हणलं हुतं, हरणाबाई ठिवूया, चांगलं वाटतंय. सासूनं माझ्याकडं असं बघितलं जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. मेंढीला ठिवत्यात, पोरीला न्हाई. का, ते कुणी सांगितलं न्हाई. इचारायची रीतबी नव्हती.

शोधा तिला. आन ते खंदक-बिंदक मास्तरला सांगा, मला कागद धाडा.

साळूबाई

•

मळा, ता. कोरेगाव
२ मार्च २०२५

ती. साळूवहिनी यांस नमस्कार.

पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. प्रकृती जरा नरम होती. शिवाय नात समीक्षाची सोयरीक चालली आहे, त्या गडबडीत होतो.

वहिनी, मला वाटतं आपण हा नाद सोडावा. कागद फार जीर्ण आहेत. वाळवी आहे. नक्की काही सांगता येत नाही, आणि अर्धवट सांगितलेलं अंगावर येतं. पंचांना सांगावं, दीडशे वर्षांपूर्वीचं काही सापडत नाही. ज्याच्याकडे मान आहे त्याच्याकडेच राहू द्या म्हणावं. शहाणे असतील तर ऐकतील.

ज्ञानू बरा आहे. परवा गारठा होता म्हणून त्याला माझं मिलिटरीचं जर्किन दिलं. नको म्हणत होता, मी आग्रह केला. चहाला आत बोलावलं, पण तो पायरीवरच बसला. चेहऱ्यानं कुणावर गेलाय हो तो? तुमच्या मालकांवर, की सासऱ्यांवर?

तब्येतीला जपा.

लालासाहेब

•

बिरोबाची वस्ती
११ मार्च २०२५, मंगळवार

किती दिलं बिराप्पानं?

मी नमस्कार लिवत न्हाई. तुमच्या पत्रातला एक बी शब्द तुमचा न्हाई. पयल्या पत्रात तुमी वाघ हुता, आता वाळवी लागली. वाळवी कागदाला लागली का तुमाला?

आन जर्किन! ज्ञानू तुमच्या रानात बारक्याचा मोठा झाला. त्याचा बाप तुमच्या रानात म्हातारा झाला. इतक्या वर्सांत ओसरीच्या आत न्हाई बोलावलासा कवा. पावसात भिजत बसला तरी "ज्ञानू, वाघर बघ" एवढंच. आन आता एकदम मिलिटरीचं जर्किन आन घरात चहा. म्हातारी झाले तरी माझं डोळं फुटल्यालं न्हाईत. कुणीतरी पाप केल्याबिगर असा दानधरम सुचत न्हाई.

बिराप्पाचा पावणा तिकडं कोरेगावच्या बाजाराला येतो, मला ठावं हाय. त्यानं तुमाला गाठलं. मी एवढं वळखते. माझा मालक मेला तवा तुमी माझ्या दारात उभं राहून म्हणला हुता, वहिनी, कायबी लागलं तर मी हाय. लागलंय. आन तुमी न्हाई.

खरं हाय ते लिवा न्हाईतर लिवू नका. गोड लिवू नका. गोड खाऊन माझी साखर वाढलीया आदीच.

साळूबाई

•

मळा, ता. कोरेगाव
१८ मार्च २०२५

साळूवहिनी,

बिराप्पाचा कुणी माणूस मला भेटला नाही. मी कधी लढाईत मागं सरलो नाही, इथं सरलो. सगळं लिहितो.

फेब्रुवारीत मला साताऱ्यात एक जबाब मिळाला. आकारामानं आमच्या गावच्या चावडीत दिलेला, सन १८७७ च्या अखेरचा. मोडीतून उतरवून जसाच्या तसा लिहितो :

'आकाराम धनगर, मेंढरे बसविणार, याने लिहून दिला जबाब ऐसाजे. माझी बहीण हरणी इजला रावजी बिन सुभानजी याजपासून मूल जाहले. मूल मी माझे म्हणून घेऊन जातो. नाव अर्जुना ठेविले आहे. बहीण येथेच राहते. याउपरी कोणाचा कोणावर दावा नाही.'

म्हणजे अर्जुना आकारामाचा मुलगा नव्हता. भाचा होता. हेळवी खोटं बोलला नाही आणि बिराप्पा निम्मं खरं बोलला.

आता तुम्ही विचाराल, यात लालासाहेबाला वाळवी का लागली. वहिनी, रावजी बिन सुभानजी हा माझा पणजोबा. माझ्या भिंतीवरच्या फ्लेक्सवर त्याचं नाव मधोमध आहे, मीच सोनेरी अक्षरात छापून घेतलंय. त्याच्याखाली एक फांदी काढलीय, एकच. दुसरी फांदी माझ्या खालच्या मळ्यात वाघर लावून बसलीय.

मी हे मुलाला, इंद्रजितला सांगितलं. तो म्हणाला, "आबा, समीक्षाची बोलणी शेवटाला आलीत. पाहुण्यांच्या कानावर गेलं तर काय सांगणार? ठेवा तो कागद तिथंच." मी ठेवला. पण ज्ञानू रोज समोरून जातो. माझ्या थोरल्या चुलत्यांची चाल आहे त्याची, डावा खांदा वाकडा. आजपर्यंत मला ती दिसली कशी नाही?

हरणीचंही सांगतो, तुम्ही शोधा म्हणाला होता. कोतवाल बुकात सन १८९८ ला, प्लेगच्या साथीत नोंद आहे : 'हरणी, रावजीचे वस्तीवर, गाठीचा ताप.' म्हणजे पोर भावाबरोबर गेलं आणि ती वीसेक वर्षं आमच्याच वस्तीवर राहिली. कोण म्हणून राहिली, ते कुठं लिहिलेलं नाही. तिच्या नावापुढं बायकोला लावतात तो शब्द नाही. आमच्या घरात तिचं नाव मी कधी ऐकलेलं नाही.

वहिनी, एक मार्ग आहे. जबाबातली खालची ओळ तेवढीच उतरवून, मोडी वाचकाची सही घेऊन मी पाठवू शकतो. 'मूल मी माझे म्हणून घेऊन जातो. नाव अर्जुना ठेविले आहे.' एवढ्यावर पंचांचं तोंड बंद होईल. ज्ञानूचा मान राहील, आमची सोयरीक राहील. लबाडी आहे, पण कुणाचं नुकसान नाही.

तुम्ही म्हणाल तसं करतो.

लालासाहेब

•

बिरोबाची वस्ती
२५ मार्च २०२५, मंगळवार

मी पत्र साक्षीकडनं वाचून घेतलं न्हाई. सोताच वाचलं, अक्षराला अक्षर लावून. सकाळी सुरवात केली, शेरडं परत आली तवा संपलं.

बिराप्पाचं पैसं खाल्लं म्हणले, ते मागं घेते. तेवढंच मागं घेते.

भावजी, दुसऱ्या गावचे लोक आमाला जादा धान्य देतो म्हणायचे, आमच्या रानात बसा म्हणायचे. सासऱ्यानं मेंढरांचं खांडं कवा दुसरीकडं हलवलं न्हाई. मी नवी हुते, तोंड लय हुतं, इचारलं, का हो मामा, तिथंच का? तर म्हणायचे, "आज्यानं सांगून ठिवलंय. पयला मुक्काम तिथंच." कारण त्यास्नीबी ठावं नव्हतं. म्हंजे अर्जुना दरसाल मेंढरामागं तिकडं यायचा आन ती वस्तीवरनं बघायची. कुणी कुणाला काय म्हणायचं ते दोघांचं दोघास्नी ठावं. ती मेली तरी आमी येतच राह्यलो. दीडशे वर्सं तुमचं रान खतावलं, आन तुमी समजलासा हे धनगर बिचारे, आपल्या आसऱ्याला येत्यात.

असो. मला रडायला येळ न्हाई, डोळ्याचं आपरेशन झालंय.

निम्मा कागद धाडा. खालची ओळ. सही पक्की घ्या. मेलेल्यांचं काय बिघडत न्हाई, ज्ञानूचं बिघडतं. मी दमले आता. एवढा मान त्याच्या हातात राहू दे, मग मला कायबी हुंदे.

साळूबाई

•

बिरोबाची वस्ती
८ एप्रिल २०२५, मंगळवार

आजच्याला साखर घातल्याबिगर चहा प्याले आन लिवायला बसले. मधी उठवू नको म्हणून साक्षीला सांगितलंय.

भावजी, नमस्कार. तुमचा निम्मा कागद पोचला. बैठक परवा रविवारी झाली. काय झालं ते सांगते, मग काम सांगते.

देवळापुढं सगळी भावकी बसलेली. बायका मागं, खांबाच्या पल्याड. कागद मी कनवटीला लावला हुता. पंचांनी हाक मारली, "साळूबाई, काय आणलं असलं तर दाव."

मी उठून पुढं गेले. बिराप्पा म्हणतो, "म्हातारे, ज्ञानूला न्हाई पाठवला? त्याला लाज वाटली व्हय?"

म्हणलं, "त्यो मेंढरं राखतोय. तुझ्यासारखा रिकामा न्हाई."

लोक हसले. मला वाटलं, आता झालं. कागद काढला, पंचांच्या हातात दिला. त्यांनी मोठ्यानं वाचला. 'मूल मी माझे म्हणून घेऊन जातो. नाव अर्जुना.' खाली सही-शिक्का. पंच माना हालवाय लागले. एक म्हातारा म्हणला बी, "आकारामानं सोताच म्हणलंय की माझं. मग काय राह्यलं?"

तिथं बिराप्पानं गप बसायचं हुतं. पर त्याचं तोंड. म्हणतो, "घिऊन जातो म्हणलंय, झालं म्हणलं न्हाई! आरं, घिऊन गेला म्हंजे कुठनंतरी उचललंच की. आई कोण त्याची? सांग की म्हातारे. का कुत्रीनं टाकलं हुतं?"

सगळ्यांच्या पुढं. कुत्री.

मी काय लय शानी न्हाई, भावजी. मी निम्मा कागद मागितला तवा मनाला लावून घेतलं न्हाई. तिथंबी घेत नव्हते. पर माझ्या डोक्यात एकच आलं, की मी आता गप बसले तर मी त्याच्यासंगं म्हणल्यागत हुतंय. हेळव्यानं तिला गाळलं, सासूनं गाळलं, तुमी गाळलं, आन आता मी बी मुकाट बसून कुत्री म्हणून घेणार. मी ह्या घरात सून म्हणून आले तवापास्नं माझंबी नाव कुठल्या पिढीत न्हाई. मी मेले की हेळवी मलाबी म्हणणार न्हाई. त्या बाईचं आन माझं नातं तेवढंच, पर हाय.

म्हणलं, "बिराप्पा, तिचं नाव हरणाबाई. आकारामाची सख्खी बहीण. रस्त्यावरची न्हवं, ह्याच वस्तीवरची. तुझ्या पणजाची आत्या. तू आता ज्या घरात झोपतोस, त्या घरची लेक. कुत्री म्हणलास ना? म्हण परत, देवाकडं बघून म्हण."

बिराप्पाची सून, ती पदरात हसणारी, ती खाली बघाय लागली.

एक पंच म्हणला, "मग बाप कोण?"

म्हणलं, "त्याचं नाव त्याच्या घरच्यांनी सांगायचं. मी आमच्या घरच्या बाईचं सांगितलं."

लय येळ कुजबूज. मग पंच म्हणले, साळूबाई, खरं बोललीस, पर रीत अशी हाय, की पयला मान लेकाच्या वंशाला, लेकीच्या न्हाई. मी म्हणलं, रीत मला ठावं हाय, म्हणूनच निम्मा कागद आणला हुता. झालं. ह्या जत्रंपास्नं पयला भंडारा बिराप्पाचा. दुसरा आमचा ठिवलाय, बाहेर राह्यलेल्या लेकीच्या वंशाचा म्हणून. बिराप्पा गेला तवा मान खाली घालून गेला. मिळालं तरी त्याला उचलता येईना. त्याचं मला काय सुख न्हाई. मी घरी आले आन पडले. जेवले न्हाई.

आता काम.

ज्ञानूला ह्यातलं काय ठावं न्हाई. मी त्याचा मान त्याला न इचारता दिला. हे त्यानं बिराप्पाच्या तोंडनं ऐकलं तर त्यो परत ह्या वस्तीवर यायचा न्हाई. माझ्याकडनं फोनवर ऐकलं तर स्पीकरवर सगळा गाव ऐकंल. राह्यलासा तुमी.

तुमी माझ्या मालकाचे चुलतभाऊ निघालासा. इतकी वर्सं मी तोंडदेखलं भावजी म्हणत आले, ते खरं झालं. म्हंजे ज्ञानू तुमचा पुतण्या. रावजीचं नाव मी देवळात घेतलं न्हाई, ते तुमच्यासाठी न्हवं. ते तुमचं काम हाय, मी कशाला करू. समीक्षाचं लगीन मोडू नये असं मलाबी वाटतं. पर तुमच्या पोरीच्या लग्नासाठी माझं पोर पायरीवर बसणार न्हाई. इंद्रजितला सांगा, म्हातारीनं सांगितलंय.

जत्रा चैत आवसंला हाय. ज्ञानू निघायच्या आदी त्याला घरात बोलवा. ओसरीवर न्हाई, आत. त्यो पायरीवर बसंल, हाताला धरून आत न्या. आदी जेवाय घाला, उपाशी माणसाला असलं सांगू नये. मग सगळं सांगा. हरणाबाईचं, रावजीचं. मान गेला ते. बिराप्पानं घेतला न्हाई, आईनं दिला, ते बी. त्यो शिव्या देईल, देऊ द्या, मला दिल्या तरी ऐकून घ्या, मधी बोलू नका. त्यो उठून गेला तर मागं जाऊ नका, मेंढराकडंच जाईल.

परत आला की कागद-पेन द्या. त्याला लिवता येतं, चौथीपतुर शिकलाय, आळस करंल. यायचं का न्हाई, दुसरा भंडारा हातात घ्यायचा का न्हाई, माझ्याशी बोलायचं का न्हाई, जे काय असंल ते त्यानं लिवावं.

तुमी उत्तर लिवू नका. इंद्रजितनं लिवू नये. फोन तर करूच नका. उत्तर ज्ञानूनं लिवायचं, सोताच्या हातानं.

साळूबाई